आर्चरला वजनाने नाही, तारेने अडवलं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या पहिल्या काही वर्षांवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: जिंकणाऱ्या घोड्यावर वजन लादून त्याला मागे खेचायचं ही शर्यतच नव्हे, हा सट्टेवाल्यांच्या सोयीचा मामला, पहिले दोन कप जिंकलेल्या आर्चर या घोड्याला असंच वजनाखाली दाबून १८६३ मध्ये बाहेर काढलं, आणि पहिल्या कपसाठी तो न्यू साउथ वेल्समधल्या नाउराहून मेलबर्नपर्यंत आठशे किलोमीटर चालत गेला, ही हकिगत मी गाळली.

शेवटचं आधी उरकतो. गाळली, आणि मुद्दाम गाळली. १८६१ च्या सप्टेंबरात आर्चर बोटीने मेलबर्नला आला, ट्रेनर एटिएन द मेस्त्र यांचे आणखी दोन घोडे सोबत होते. इतकी पायपीट करून आलेला घोडा लगोलग दोन मैलांची शर्यत सहा लेंग्थने, म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीइतक्या फरकाने मारतो, हे तुम्हाला तरी पटतं का?

सट्टेवाल्यांची सोय मात्र मान्य. सोन्याच्या खाणींवर गब्बर झालेल्या शहरात कोण जिंकणार हे आधीच उघड असलेल्या शर्यतीवर पैसे कोण लावणार? चांगल्या घोड्यावर जास्त वजन, सामान्यावर कमी, या हिशेबाने सामान्य घोड्यालाही आशा वाटते, म्हणून मालक नावं देतात आणि मैदान भरतं. पहिल्याच वर्षी १७ घोडे धावले. त्यांतले तीन पडले, दोन मेले. आक्षेप घ्यायचा तर खरं म्हणजे या गर्दीवर घ्यायला हवा होता. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही.

राहिलं वजन. जॉकी, खोगीर आणि कमी पडेल तितकं शिसं मिळून आर्चरच्या पाठीवर १८६१ मध्ये ९ स्टोन ७ पौंड होते (एक स्टोन म्हणजे १४ पौंड), म्हणजे साधारण ६० किलो. पुढच्या वर्षी ते १० स्टोन २ पौंड झालं, चार किलो जास्त, आणि हा पठ्ठ्या आठ लेंग्थने जिंकला! दोन्ही वेळा दुसरा आलेला घोडा एकच, मॉर्मन. वजनाने घोडा दाबला गेला म्हणता, तो कुठे दिसतो यात? १८९० मध्ये कार्बाइनने १० स्टोन ५ पौंड घेऊन ३९ घोड्यांत पहिला नंबर काढला. दुसऱ्या आलेल्या हायबॉर्नवर त्याच्यापेक्षा ५३ पौंड कमी होते.

१८६३ साठी आर्चरला ११ स्टोन ४ पौंड, जवळपास ७२ किलो दिले. हे फार झालं, यात मी तुमच्या बाजूने आहे. पण द मेस्त्र यांनी तेही कबूल केलं होतं. हे वजन मंजूर असल्याची तार त्यांनी मुदतीच्या दिवशी केली, त्या दिवशी मेलबर्नला सुट्टी, तार संध्याकाळी पोचली आणि व्हिक्टोरियाच्या (मेलबर्न ज्या वसाहतीत आहे तिच्या) मंडळींनी नियमावर बोट ठेवून आर्चरचं नाव नाकारलं. शेजारच्या वसाहतीचा, न्यू साउथ वेल्सचा घोडा दोनदा कप घेऊन गेल्याचा सल त्यामागे नसेल असं मला वाटत नाही. बाहेरच्या मालकांनी चिडून आपले घोडे काढून घेतले. उरले सात. इतके कमी घोडे या कपमध्ये पुन्हा कधीच धावले नाहीत. जिंकला बँकर, ५ स्टोन ४ पौंड घेऊन. आर्चर धावला असता तर बँकरपेक्षा सहा स्टोन, म्हणजे ३८ किलो जास्त वाहून धावला असता, आणि तरीही द मेस्त्र त्याला उतरवायला तयार होते.