इंग्रजी वाक्याची लांबी मोजून त्याचा प्रकार कळत नाही

'इंग्रजी वाक्यरचना फक्त पाच मिनिटांत' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात चार नियम आहेत: छोटं वाक्य सिंपल आणि लांब वाक्य कॉम्प्लेक्स, 'अँड' दिसला की कंपाउंड, प्रत्येक वाक्य कर्ता-क्रियापद-कर्म याच साच्यात, आणि 'बिकॉज'ने वाक्य कधीच सुरू करायचं नाही. माझी भाची परीक्षेसाठी हे पाठ करत होती, म्हणून लिहायला बसलो.

पहिला नियम सगळ्यात घातक आहे. 'आय नो ही लाइड.' चार शब्द, तरी हे कॉम्प्लेक्स, कारण 'आय नो' हे प्रधान वाक्य आणि 'ही लाइड' हे त्याच्या पोटातलं गौण वाक्य. आता हे बघा: 'इन द अर्ली अवर्स ऑफ अ कोल्ड विंटर मॉर्निंग, द ओल्ड मॅन वॉक्ड स्लोली अलाँग द रिव्हर टुवर्ड्स द स्टेशन.' वीस शब्द, पण क्रियापद एकच, 'वॉक्ड'. म्हणजे सिंपल. शब्द मोजून काही हाती लागत नाही. शोधायची असतात ती काळ दाखवणारी क्रियापदं आणि प्रत्येकाचा कर्ता; अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक क्लॉज. 'हॅज बीन वर्किंग'सारखी साखळी एकच धरायची. नुसतं 'टु गो' शालेय व्याकरणात वेगळं मोजत नाहीत.

यात फक्त एका प्रश्नाचे गुण जात नाहीत. 'द बॉय हू टीचेस माय सिस्टर्स' यापुढे 'लिव्ह हिअर' लिहायचं की 'लिव्ज हिअर'? क्लॉज न ओळखणारी मुलं जवळचा 'सिस्टर्स' बघून 'लिव्ह' लिहितात. 'हू टीचेस माय सिस्टर्स' एवढा तुकडा बोटाने झाकला, की 'बॉय' आणि 'लिव्ज' समोरासमोर येतात. ज्याला हा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दिसत नाही, त्याचं मोठं वाक्य पुढेही चुकत राहणार. आणि मेसेज सांगतोय काय, तर लांबी बघा!

'अँड'बद्दल थोडक्यात. 'टॉम अँड मेरी सँग' हे सिंपलच आहे, दोन नावं जोडली एवढंच. 'टॉम सँग अँड मेरी डान्स्ड' हे कंपाउंड, कारण इथे दोन्ही बाजूंना स्वतंत्र वाक्यं आहेत. 'बट' आणि 'ऑर'चंही तसंच.

तिसऱ्या नियमात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम इंग्रजीत फार चालतो, आणि 'द कॅट चेज्ड द डॉग'मधली नावं उलटी केली की पाठलाग करणाराच बदलतो. मराठीत 'ने' आणि 'ला' ते काम सांभाळतात. पण 'प्रत्येक' हा शब्द कुठून आला? क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985च्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात क्लॉजचे सात मूळ साचे दिलेत. 'बर्ड्स फ्लाय'मध्ये कर्म नाहीच. 'शी सीम्स टायर्ड'मध्ये 'टायर्ड' हे कर्म नसून कर्त्याचं वर्णन आहे. 'ही गेव्ह मी अ पेन'मध्ये कर्मं दोन. 'दे मेड हर कॅप्टन'मध्ये कर्मही आहे आणि त्या कर्माबद्दल सांगणारं पूरकही ('कॅप्टन'). 'आय पुट द बुक ऑन द टेबल'मधून 'ऑन द टेबल' काढा, वाक्य लंगडं पडतं. हे सगळे साचे रोजच्या बोलण्यातले आहेत.

राहिला 'बिकॉज'. 'बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड इनसाइड' हे पूर्ण शुद्ध वाक्य आहे. गौण वाक्य आधी आलं, प्रधान नंतर. उत्तरपत्रिकेत नुसतं 'बिकॉज इट वॉज रेनिंग.' लिहून पूर्णविराम दिला तर ते अपुरं ठरतं, तेवढ्यापुरती सूचना बरोबर आहे. तिथे कमी असतं ते प्रधान वाक्य. 'बिकॉज' पुढे आला म्हणून काही बिघडत नाही.