१८ आणि २० व्होल्टचा घोळ

कॉर्डलेस (बॅटरीवर चालणाऱ्या) ड्रिलवरील एका लेखात २० व्होल्टची बॅटरी १८ व्होल्टच्या बॅटरीपेक्षा अधिक ताकदीची असल्याचे म्हटले आहे, ते दुरुस्त व्हावे. दोन्हींमध्ये लिथियम-आयनचे पाचच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे सरासरी ३.६ व्होल्ट धरले की १८ होतात आणि पूर्ण चार्ज झाल्यानंतरचे सुमारे ४ धरले की २०, एवढाच तो खोक्यावरचा फरक. काम किती वेळ चालेल हे पाहायचे असेल, तर व्होल्टला अँपिअर-अवरने (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचे माप) गुणावे; येते ती साठलेली एकूण ऊर्जा, वॉट-अवरमध्ये. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर.

मी नागपुरात फर्निचरची कामे घेतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काँक्रीटला छिद्रे पाडून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर ठेवली, तर ती थंड होईपर्यंत चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही (आणि घरमालकाला वाटते, मिस्त्री उगाच बसून आहे). त्यामुळे स्क्रू बसवण्यासाठी मी २ अँपिअर-अवरच्या दोन हलक्या बॅटऱ्या आलटून-पालटून वापरतो. काँक्रीटसाठी मात्र ५ अँपिअर-अवरची मोठीच लागते, कारण तिच्यात सेलच्या दोन रांगा समांतर असल्याने भार वाटला जातो आणि व्होल्टेज कमी घसरते.