सातही कॉलेजं सारखी नाहीत

दर उन्हाळ्यात आमच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "शिकागोची सिटी कॉलेजेस म्हणजे आपलं आयटीआय. कुणालाही घेतात, त्यामुळे दर्जा नाही. तिथले क्रेडिट पुढे चालत नाहीत. आणि जायचंच तर घराजवळचं घ्या, सातही सारखीच." यंदा तो वाचून ओळखीतल्या एका घरानं मुलीचा प्रवेश रद्द केला, म्हणून लिहायला बसले. ही सिटी कॉलेजेस म्हणजे शहराची दोन वर्षांची सात सरकारी कॉलेजं; तिथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं. क्रेडिट म्हणजे पास केलेल्या विषयाचे गुणांक, जे पुढच्या विद्यापीठात धरले जातात.

आधी आयटीआय. माझा मोठा भाऊ आयटीआयचा फिटर आहे. तो शब्द हिणवायला वापरलेला मला चालत नाही.

प्रवेश सगळ्यांना खुला आहे, हे खरं. पण त्यावरून दर्जा कसा ठरतो? या कॉलेजांना मान्यता देणारी संस्था हायर लर्निंग कमिशन. नॉर्थवेस्टर्न आणि शिकागो या नामांकित विद्यापीठांना मान्यता देते तीच. या सातांपैकी माल्कम एक्स कॉलेजमधून दोन वर्षांचं नर्सिंग केलेली मुलगी आरएनच्या (नोंदणीकृत नर्सच्या) लायसन्ससाठी जी परीक्षा देते, तीच चार वर्षं शिकलेलीही देते.

क्रेडिटचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच पोरं अडकतात. इलिनॉयमधल्या शंभरावर कॉलेजांत एक करार आहे, त्यातले सामान्य विषय एकमेकांकडे धरले जातात. माझ्या भाचीनं पहिल्या सत्रात मॅथ ११८, म्हणजे सामान्य गणित, घेतलं, चांगले मार्क मिळवले. ते क्रेडिट पुढे धरलंही जातं. पण तिला करायचं होतं इंजिनीअरिंग, आणि त्याला लागतं कॅल्क्युलस, म्हणजे मॅथ २०७. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुढच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम छापून बसलो आणि एकेका विषयापुढे खूण करत गेलो, तेव्हा हे लक्षात आलं. ही छाननी प्रवेशाआधी करायची असते.

आता "सातही सारखीच". फी सारखी, कारभार एकाच मंडळाचा, एवढं मान्य. पण नर्सिंग आणि आरोग्याचे कोर्स हवेत तर माल्कम एक्स. स्वयंपाकाची वॉशबर्न शाळा केनेडी-किंगची. ट्रक आणि मालवाहतूक शिकायची तर ऑलिव्ह-हार्वे, कारखान्यातली यंत्रं शिकायची तर डेली. हॅरॉल्ड वॉशिंग्टन लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी, बिझनेससाठी चांगलं, आणि शहरातल्या लोकलच्या जवळजवळ सगळ्या लाइननं गाठता येतं. इंजिनीअरिंगसाठी राइट: अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग कॉलेजशी त्यांचा करार आहे, ठरलेले विषय आणि मार्क पुरे केले की तिथे जागा मिळते.

भाचीच्या घरापासून सातवं कॉलेज, ट्रुमन, रेड लाइनच्या लोकलनं अगदी जवळ. घराजवळचं म्हणून तिनं आधी तेच घेतलं होतं. आता ती राइटला जाते. दोन बस बदलाव्या लागतात, त्यामुळे सकाळी आठच्या कॅल्क्युलससाठी साडेसहाला घर सोडते, आणि आई डबा आदल्या रात्रीच भरून ठेवते.