बहिणीचं लग्न 1994 आधी झालं म्हणून?

“22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नाही. वडील 2005 आधी वारले असतील तरीही नाही. तोंडी वाटणी झाली असेल तर विषयच संपला.” हा मेसेज मला तीन पक्षकारांनी दाखवला. तिघेही भाऊ! त्यातली पहिली दोन वाक्यं एकेकाळी खरी होती, म्हणून तो पटतो.

1994ची तारीख महाराष्ट्राच्या दुरुस्तीतली. राज्याने मुलींना सहहिस्सेदार केलं, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्यांना वगळून. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राने हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 6च बदललं. त्यात लग्नाचा उल्लेखच नाही. 1988 साली सासरी गेलेली थोरली आणि बिनलग्नाची धाकटी, दोघींचा हक्क भावाइतकाच.

2005च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची अट सर्वोच्च न्यायालयाच्याच 2015च्या फुलवती निकालातली. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ती मोडीत काढली. हक्क जन्माने येतो, वडील कधी वारले त्यावर तो ठरत नाही.

खरी मारामारी वाटणीवर होते. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल, तर ती आता उकरता येत नाही. इथे भावांचं बरोबर आहे. पण “आबांनी पारावर बसून वाटून दिलं होतं” एवढ्यावर भागत नाही. तोंडी वाटणीला त्या काळच्या सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो, आणि तोही अपवाद म्हणूनच. तेराव्याचं जेवण उरकल्यावर “ताई, इथे सही कर” म्हणून घेतलेला साधा कागद हेही हक्कसोडपत्र नव्हे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं.

मुलींना खरोखर आडवं येणारं वर्ष मेसेजमध्ये नाहीच: 1956, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा आला ते वर्ष. वडील त्याआधी वारले असतील, तर जुना कायदा लागतो. वडील 1952 साली वारले होते अशा प्रकरणात, मागे आई हयात असताना मुलीला वारसा मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024मध्ये सांगितलं.

आणखी एक. बहिणींची नावं सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात टाकायची जुनी रीत होती. आज ते नाव कमी झालेलं दिसलं, तर आधी तो फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची तलाठ्याकडची नोंद, काढून वाचा. नाव कोणत्या कागदावरून कमी केलं, ते तिथेच लिहिलेलं असतं.