शिस्तीच्या गप्पा आणि गेटसमोरचे दगड

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे: दगड. पुण्यात पौड रोडच्या मागच्या गल्लीत आमची सोळा फ्लॅटची, बिनलिफ्टची, सत्त्याऐंशी सालची इमारत आहे. मेट्रो आल्यापासून लोक आमच्या गल्लीत दुचाक्या लावतात आणि चालत स्टेशन गाठतात. संध्याकाळपर्यंत गाडी तिथेच. तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी प्रस्ताव मांडला की कंपाउंडबाहेर, रस्त्याच्या कडेला, मोठे दगड, कुंड्या आणि सिमेंट भरलेले जुने टायर ठेवून द्यावेत. लगेच अंगठ्यांचा पाऊस. त्याखाली वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "आपल्या लोकांना शिस्तच नाही. जर्मनीत कोणी असं करून दाखवावं." आणि पुढे माझं नाव.

नाव आलंच होतं, म्हणून मीही लिहिलं. रस्ता महापालिकेचा आहे, त्यावर सोसायटीला दगड ठेवता येत नाहीत. काकांचं उत्तर मिनिटभरात आलं: "तिकडे बसून सल्ले देणं सोपं आहे. इथे येऊन राहा, मग बोला."

म्हणजे दाखल्यापुरती जर्मनी चालते, जर्मनीत राहणारा मात्र चालत नाही. हे डोक्यात गेलं. तेव्हापासून इथे स्टुटगार्टमध्ये, फॉयरबाखला ऑफिसला जाताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी मनातल्या मनात काकांना उत्तरं देतोय. त्यातली काही चांगली जमली आहेत, ती वाया जायला नकोत.

आधी शिस्तीचं बघू. २०१९च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती लागू झाली आणि लगोलग तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला. मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस जातात, शहरात कुठे एवढा वेग असतो, ही सगळी कारणं आपल्याला पाठ आहेत. नेमक्या त्याच महिन्यात स्टुटगार्टमध्ये जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. नेकारटोअरला हवा मोजणारं एक यंत्र आहे, ते देशभर बदनाम. तिथे पिवळी जाकिटं घालून माणसं शनिवारी-शनिवारी जमायला लागली. यंत्र चुकीच्या जागी लावलंय, आकडे फुगवलेत, माझी गाडी अशी काय धूर करते, मी कामावर जायचं कसं. हेल्मेटवाल्यांना तिकडे नेऊन उभं केलं असतं तर फक्त भाषेचा प्रश्न आला असता.

वेळ पाळण्याचंही तसंच. काकू दर गणपतीत विचारतात, "तुमच्याकडे गाड्या अगदी सेकंदावर ना रे?" २०२४ साली इथल्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर धावल्या, आणि त्यातही पाच मिनिटांचा उशीर हे लोक उशीर धरतच नाहीत. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनाचं नवं काम २०१०मध्ये सुरू झालं. २०१९ला गाड्या सुटणार होत्या. अजून पत्रे लावलेल्या वळशाच्या वाटेने आम्ही फलाटापर्यंत चालतोय. पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन २०१६च्या डिसेंबरात आणि वनाझहून पहिली गाडी २०२२च्या मार्चमध्ये. हे मी ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवलेलं आहे, दोन्ही तारखांसकट, आणि तेव्हा छाती भरून आली होती हेही सांगून टाकतो. आमच्या गल्लीत त्या मेट्रोमुळे काय चाललंय ते मात्र त्या टेबलावर कोणाला सांगत नाही.

काकूंना मी हे सगळं का लिहिलं नाही? कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. इथला जिना खरंच स्वच्छ असतो. पण तो का स्वच्छ असतो ते काकूंना माहीत नाही, आणि मला सात-आठ वर्षांत नीट कळलंय.

आमच्या इथल्या इमारतीत एक छोटी लाकडी पाटी आहे. रविवारी संध्याकाळी ती ज्याच्या दाराच्या मुठीला अडकवलेली दिसेल, त्याचा पुढचा आठवडा केअरवोखेचा, म्हणजे झाडलोटीच्या पाळीचा. जिना झाडायचा, मग पुसायचा, कठडा कापडाने, खालच्या दाराची काच, आणि मोठ्या पाळीला तळघर आणि बाहेरचा फुटपाथ. बर्फ पडलं तर सकाळी सातच्या आत फुटपाथ मोकळा. समोरच्या आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. स्वतःची पाळी असली की गुडघ्याखाली उशी घेऊन पायरीच्या कोपऱ्यातली धूळ जुन्या टूथब्रशने काढतात. आणि दुसऱ्याची पाळी असली की कठड्यावरून बोट फिरवत खाली उतरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने, जो अस्सल इथलाच, एकदा जिना नुसता झाडून पाटी पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी खालच्या दारावर आजींच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: झाडणे आणि पुसणे ही दोन वेगळी कामे असून, ज्यांना यात शंका असेल त्यांनी सायंकाळी सहा ते सातमध्ये विचारावे. ती वाचून मला एकदम सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं.

तेव्हा हे लोक मुळात शिस्तीचे वगैरे काही नसतात. त्यांच्यामागे आजी असतात. केअरवोखेचा नियम शहराच्या १४९२च्या कायद्यापर्यंत मागे नेतात, पण शहराने ती सक्ती १९८८मध्ये काढून टाकली. तरी पाटी फिरतेच आहे, कारण ती आता घरभाड्याच्या करारात आहे. आपल्या पाट्यांची जगभर थट्टा होते, व्हावी तेवढी कमीच. पण आपली पाटी नेहमी दुसऱ्यासाठी लावलेली असते. येथे गाडी लावू नये, बेल एकदाच वाजवावी, पत्ता विचारू नये. इथली पाटी आठ आठवड्यांतून एकदा माझ्याच दाराला येऊन लटकते. आमच्या गल्लीत कमतरता कशाची असेल तर याची, रक्तातल्या शिस्तीची नव्हे.

आणि आपल्याकडे पाळ्या कधी नव्हत्याच असंही नाही. पाण्याची मोटार घ्या. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येणार, हे वाक्य कोथरूडमध्ये वाढलेलं कुठलंही पोर झोपेत म्हणून दाखवेल. खालच्या टाकीत पाणी पडायला लागलं की कोणीतरी उठून मोटार लावायची, वरची टाकी भरली की बंद करायची. आमच्या इमारतीत हे वर्षानुवर्षं आईने केलं. पाळी ठरलेली होती म्हणून नव्हे, तिला पाचला जाग यायची म्हणून. खणाच्या पिशवीत मोटारीची किल्ली आणि बॅटरी. आईचे गुडघे गेले, दोन जिने उतरणं होईना, तेव्हा ती ताईकडे चिंचवडला राहायला गेली. तेव्हापासून शुक्रवारचे निरोप दोनच प्रकारचे असतात. एक, "पाणी नाही, मोटार कोणी लावली नाही का?" दुसरा, "टाकी वाहतेय, बंद करा कोणीतरी!!" उद्गारचिन्हं काकूंची.

आता जरा माझ्या स्वार्थाचं. आमच्या फ्लॅटमध्ये तीन मुलं भाड्याने राहतात, हिंजवडीला नोकरीला. एक लातूरचा, दोघं अकोल्याचे. सोसायटीत पार्किंग फक्त मालकांना, असा जुना ठराव आहे. म्हणून त्यांच्या दुचाक्या बाहेर गल्लीत लागतात. काकांचे दगड पडले की मेट्रोवाल्यांच्या गाड्यांबरोबर त्यांचीही पंचाईत होणार. काकांनी हेही ग्रुपवर लिहिलं, की याला भाड्याची काळजी आहे. असेल. मग? भाडेकरू ठेवला म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी आकार घेता येतो, तसा २००१चा सरकारी आदेश आहे, आणि सोसायटी तो पुरेपूर घेते. मी न राहिल्याचे पैसे भरतो आणि जे राहतात त्यांना गाडी लावायला जागा नाही.

ही मुलं पहाटे पाचला उठतात, कंपनीची बस असते. त्यांच्यातल्या लातूरच्या मुलाने स्वतःहून सेक्रेटरींना सांगितलं की शुक्रवारी मोटार आम्ही लावत जाऊ. कमिटीचं उत्तर: भाडेकरूंच्या हातात किल्ली देता येणार नाही. टाकी वाहिली तर चालेल.

इथे जर्मनीत आमच्या इमारतीत मालक एकही राहत नाही. आजीसुद्धा भाडेकरू आहेत, गेली चाळीस-एक वर्षं. या देशातले निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात. पाटी आजींच्या दाराला लटकते तशीच माझ्या दाराला, आणि माझा जिना पुसून झाल्यावर आजी कठड्यावरून बोट फिरवतात तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटतं. त्या हक्काने खेकसतात. हे घर मिळवताना काय काय झालं तो वेगळा विषय. फोनवर नाव सांगितलं की घर नुकतंच गेलेलं असायचं. लातूरच्या मुलालाही पुण्यात आडनाव आणि "जेवणात काय काय चालतं" विचारून दोन ठिकाणी नाही म्हणालेत. काकूंच्या शिस्तीच्या हिशेबात हे दोन्हीकडचं बसत नाही.

"बाहेरच्यांनी वाट लावली" हे काकांचं आवडतं वाक्य. काका स्वतः कऱ्हाडचे, आमचे बाबा जळगावहून आले, काकूंचं माहेर धुळ्याचं. ती गल्लीच बाहेरच्यांनी उभी केली आहे. सत्त्याऐंशी साली तिथे गाडी लावणारं कोणी नव्हतं म्हणून जागा होती, एवढंच.

पार्किंगचं खरं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते कोणालाच नको आहे. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे भरा. २०१८मध्ये महापालिकेने तसं धोरण आणलं, केवढी ओरड झाली, मग पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक, आणि मग वर्षानुवर्षं कागदावर. मी ग्रुपवर जोरात लिहिणार होतो की इकडे जर्मनीत घरासमोर गाडी लावायला परवाना लागतो. लिहिता लिहिता थांबलो, कारण पुढचा प्रश्न काय येईल ते दिसत होतं. २०२०पर्यंत त्या परवान्याची कमाल फी देशभर वर्षाला ३०.७० युरो होती. वर्षाला! एका बऱ्या जेवणाचे पैसे. महापालिकांना ती वाढवायची मुभा मिळाल्यावर इथेही मोटारवाल्यांनी तीच बोंब मारली. तेव्हा हा दाखला मी गिळला. दाखले सोयीचेच घ्यायचे असतात, काकूंनी तेच केलं होतं.

एक गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही. २०२२च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते. प्रशासक. नेमकी त्याच मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली. म्हणजे गल्लीत गाड्या वाढत गेल्या त्या काळात ज्याची कॉलर धरावी असा माणूसच नव्हता. इथे आमच्या वॉर्डात झाडाच्या एका फांदीवरून नगरसेवकाला दहा पत्रं जातात. आमच्या सोसायटीने चार वर्षांत एकही अर्ज केला नाही, दगडांचे मात्र दर काढले. २०२६च्या जानेवारीत निवडणूक झाली एकदाची. मी काकांना म्हटलं, आता तरी नव्या नगरसेवकांकडे जाऊ या. काका म्हणाले, "जाऊ या म्हणजे? कोण कोण?"

हे मात्र लागलं. कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मतदार यादीत नाव अजून कोथरूडला आहे, मतदानाच्या दिवशी मी इथे असतो. सोसायटीच्या भागधारक दाखल्यावर माझं नाव आहे, पण सहकारी कायद्यात दुसऱ्याच्या हाती मत पाठवता येत नाही, सभेला हजर राहावं लागतं. आणि इथे? कर सगळे भरतो, जिना पुसतो, बर्फ काढतो, पण शहराच्या निवडणुकीत युरोपीय संघाच्या बाहेरच्या माणसाला मत नाही. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला शेजारचा पोर्तुगीज मत देऊन येतो. २०२४पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आहे, भारताने नाही. म्हणजे जर्मन पासपोर्ट घेतला की आपला परत करायचा. फॉर्म भरून ठेवला आहे. बायको अधूनमधून विचारते, पाठवला का? मी म्हणतो, एक कागद राहिलाय. कागद कुठलाही राहिलेला नाही.

तरी मी परवा सेक्रेटरींना फोन केला. दगडांवर माझा विरोध नोंदवा म्हटलं, आणि दुसरा ठराव घ्या: मोटारीच्या सोळा पाळ्या लावा, फ्लॅटवार, आत मालक असो की भाडेकरू, आणि ज्याची पाळी त्याच्याकडे किल्ली. आमच्या फ्लॅटची पाळी पहिली धरा, मुलं तयार आहेत. वाटल्यास एक पाटी करा, ती दारोदार फिरेल, पाटीचा खर्च माझा.

सेक्रेटरी हसले. म्हणाले, ठराव तुम्ही स्वतः सभेत मांडायला हवा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे. तुम्ही कधी येताय?

म्हटलं, गणपतीत येतोय, त्या आठवड्यातली कुठलीही तारीख ठेवा.

"गणपतीत सभा?" ते म्हणाले. "गणपतीत कोण येणार सभेला?"