‘आधी फुलफ्रेम घ्या, आवाजाचं नंतर बघू’ या सल्ल्याला उत्तर

पहिली शॉर्टफिल्म करू पाहणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) ४के कॅमेऱ्याशिवाय सिनेमॅटिक दिसत नाही, आवाजासाठी कॅमेऱ्यावर शॉटगन माइक (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा नळीसारखा माइक) पुरे, बिघडलेला आवाज एडिटमध्ये साफ होतो, आणि ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (अगदी मोठा नि अगदी लहान आवाजही सामावणारा) असला की आवाजाची लेव्हल बघावी लागत नाही. चारही दावे नवख्याचे पैसे चुकीच्या ठिकाणी घालवतात.

फुलफ्रेमचं आधी. सिनेमा दशकानुदशकं ज्या सुपर ३५ आकारावर चित्रित झाला, त्याची रुंदी २५ मिलिमीटरच्या आसपास. सोनी, निकॉनच्या एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची सुमारे २३.५. म्हणजे स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर सिनेमाच्या मापाला जवळचाच आहे. उलट फुलफ्रेमवर ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर (म्हणजे छिद्र खूप मोठं) उघडून पात्र दीड मीटरवर बसवलं, तर फोकसमध्ये राहतो तो जेमतेम १० सेंटिमीटरचा पट्टा. नट संवाद म्हणताना पुढे झुकला की डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर. फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा सहायक) नसलेल्या तिघा-चौघांच्या युनिटला हे झेपत नाही.

४के म्हणाल तर १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाभराच्या फुटेजला ४५ जीबी जागा लागते, आणि साधा लॅपटॉप एडिटला अडखळतो. थिएटरमधल्या २के डीसीपीची (थिएटरला दिल्या जाणाऱ्या डिजिटल प्रतीची) रुंदी २०४८ पिक्सेल, फुल एचडीची १९२०. फरक मोजून १२८ पिक्सेलचा. शिवाय खोक्यावर ‘४के’ लिहिलंय म्हणजे ते वापरण्याजोगं असेलच असं नाही. कॅनन २००डी मार्क टू ४केवर फ्रेम आवळतो, म्हणजे कडा कापून दृश्य जवळ आणतो, आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (कॅननची वेगवान फोकस पद्धत) सोडून देतो. वन बीएचकेच्या हॉलमध्ये मागे सरकायला जागा कुठून आणणार? त्यापेक्षा जुना सेकंडहँड २००डी फुल एचडीवर चालवा. माइक इनपुट आहे, स्क्रीन फिरते, ऑटोफोकस भरवशाचा. हेडफोन जॅक मात्र नाही, त्यामुळे वेगळा रेकॉर्डर लागतोच. घेताना रेकॉर्डिंग चालू ठेवून माइकची पिन हलवून पाहा, खरखर आली तर जॅक सैल आहे. लेन्सवर झाकण ठेवून आयएसओ १६०० वर दहा सेकंद शूट करा. पांढरे-लाल ठिपके दिसले तर सेन्सरवर हॉट पिक्सेल आहेत. शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) व्हिडिओपुरता दुय्यम.

चित्र खरं बिघडतं ते वेगळ्याच कारणाने. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झ विजेच्या देशांच्या व्हिडिओ पद्धतीवर) आणि शटर १/६० वर राहिलं की भिंतीवर पट्टे सरकतात. मेनूत पाल (५० हर्ट्झची पद्धत) निवडा, २५ एफपीएस, शटर १/५०. फोनवरही हेच, सोबत फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा.

आता आवाज, कारण खरी गफलत इथे आहे. माइक किती महाग यापेक्षा तो तोंडापासून किती लांब हे महत्त्वाचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. दोन मीटरवरच्या कॅमेऱ्यावर बसवलेला माइक अर्ध्या मीटरवर आणला तर १२ डेसिबल मिळतात, फुकट. पंख्याची घरघर आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो, संवाद मात्र वर येतो. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत लांब शॉटगन तर आणखी फसते: बाजूने परतणारे पडसाद ती विचित्र रंगवून आत घेते. अशा जागी छोटा हायपरकार्डिऑइड (समोरचा अरुंद पट्टा ऐकणारा, लांब नळी नसलेला माइक) बरा. रंगाऱ्याच्या लांबणाऱ्या काठीला शॉकमाउंट (काठीचे धक्के माइकपर्यंत न पोचू देणारा लवचिक धारक) लावा, माइक फ्रेमच्या अगदी वर धरून छातीकडे रोखा. जमिनीवर सतरंजी, कॅमेऱ्यामागे गोधड्या.

याहून कमी खर्च हवा तर बोया बीवाय-एम१ सारखा कॉलर माइक. त्याच्या डबीवर फोन आणि कॅमेरा असा स्विच असतो. कॅमेरा किंवा रेकॉर्डरला जोडून स्विच फोनवरच राहिला तर आवाज येत नाही किंवा मरतुकडा येतो. स्विच कॅमेऱ्यावर ठेवला की आतला एलआर४४ सेल खर्च होतो, म्हणून एक जादा जवळ ठेवा.

‘एडिटमध्ये साफ करू’ यात अर्धं सत्य आहे. पंख्याची एकसुरी घरघर निघते. संवादाच्या मधोमध वाजलेली कुकरची शिट्टी किंवा रिक्षाचा हॉर्न ओढून काढला तर शब्दही पाण्यात बुडाल्यासारखे येतात. जुने हिंदी चित्रपट डबच व्हायचे, असं कोणी ऐकवेल. तेव्हा अनेक कॅमेरेच घरघरायचे, आणि डबिंगला थिएटर, मुरलेले कलाकार नि फोलीची (पावलं, दार असे आवाज नंतर तयार करणारी) माणसं असायची. तुमच्याकडे मित्र आहेत, ज्यांना महिन्याभरानंतर तोच सूर सापडणार नाही. फ्रीज बंद करा (कॅमेऱ्याची बॅग फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू करायला विसरणार नाही), पंखा बंद करा, आणि प्रत्येक जागेवर सगळे गप्प राहून मिनिटभर रूम टोन (त्या जागेचा नुसता शांत आवाज) रेकॉर्ड करून घ्या. कटांमधली भगदाडं त्यानेच बुजतात.

३२-बिट फ्लोट उपयोगी आहे, पण तो रेकॉर्डरच्या आतली क्लिपिंग (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटणं) वाचवतो. वायरलेस ट्रान्समीटरमध्येच फाटलेला आवाज, कपड्याची खसखस किंवा वारा यावर त्याचा इलाज नाही. साध्या २४-बिटवर ४८ किलोहर्ट्झ ठेवून सर्वात मोठं वाक्य -१२ डेसिबलच्या आसपास राखलं तरी भागतं. हेडफोन घालून ऐकणारा एक माणूस मात्र हवाच. लेन्स, लाइट दिवसाच्या भाड्याने मिळतात. हेडफोन, कॉलर माइक आणि रेकॉर्डर स्वतःचे घ्या, कारण त्यांची सवय शूटच्या आधी व्हावी लागते.