प्रोजेक्टर जुना असला म्हणून फिल्मवर रेघा पडतातच असं नाही

इंदूरच्या मराठी घरांमधे सध्या एक मेसेज खूप फॉरवर्ड होतोय, तुम्हालाही आला असेल. आजोबांचा प्रोजेक्टर माळ्यावरून काढा आणि दिवाळीत सगळ्यांनी मिळून घरच्या फिल्म बघा, इथपर्यंत छानच आहे. पण पुढे लिहिलंय की जुनं मशीन थोड्या रेघा पाडणारच, म्हणून गेटमधे (फिल्म जिथे दिव्यासमोरून जाते ती जागा) शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका, चित्र हललं तर प्रेशर प्लेट (गेटमधे फिल्म दाबून धरणारी प्लेट) घट्ट करा, चिकटलेली घाण ब्लेडने खरवडा, आणि ऑटो थ्रेडिंग (फिल्म आपोआप ओवली जायची सोय) असेल तर टोक आत घालून निवांत बसा.

प्लीज यातलं काहीही करू नका. घरची ८ मिमी, सुपर ८ आणि बरीचशी १६ मिमी फिल्म रिव्हर्सल असते, म्हणजे जी पट्टी कॅमेऱ्यातून गेली तीच धुऊन प्रोजेक्टरवर चढते, तिची निगेटिव्ह कुठेच नसते. रामबागेतली मुंज असो की राजवाड्यासमोरची मिरवणूक, जे आहे ते त्या एकाच पट्टीवर.

आधी "जुनं मशीन रेघा पाडणारच" हे. नाही पाडत. गेट उघडून नीट बघा, पट्टीला फक्त दोन्ही कडांवर आधार असतो, मधला चित्राचा भाग मुद्दाम खोलगट ठेवलेला असतो आणि रोलरही मधे खोल असतात, म्हणजे चित्राला काहीच लागू नये अशीच रचना आहे. तरी सलग उभी रेघ येत असेल तर कुठेतरी इमल्शनचा (फिल्मवरच्या चित्राच्या थराचा) कडक झालेला कण बसलाय, एखादा रोलर जाम आहे, किंवा पट्टी गाईडच्या चुकीच्या बाजूने गेलीय. जागा शोधायची सोपी रीत आहे. कामाची नसलेली फिल्म लावा, थोडी चालवून मधेच मशीन बंद करा, पट्टी न काढता गेट, प्रत्येक रोलर, प्रत्येक स्प्रॉकेटपाशी (पट्टी ओढणारं दातेरी चाक) तिच्यावर मार्करने खूण करा, मग पट्टी बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा रेघ कोणत्या खुणेपासून सुरू होते. तिथेच दोष. घरचं रीळ त्यानंतरच चढवायचं.

तेलाचं म्हणाल तर ही कल्पना कुठून आली असेल याचा अंदाज आहे. थिएटरमधे ३५ मिमीची कोरी प्रिंट आली की तिचं ओलसर इमल्शन गेटमधे चिकटू नये म्हणून कडांना मेण लावायचे. कडांना, आणि मेण, तेल नाही! गेटमधलं तेल सगळ्या पट्टीवर पसरतं, त्यावर आपल्याकडची मे महिन्यातली धूळ बसली की तीच घासत जाते. तेल फक्त मॅन्युअलमधे दाखवलेल्या जागी, थेंबभर, आणि वर आलेलं पुसून टाका.

चित्र हलतंय म्हणून प्लेट आवळणं तर सगळ्यात वाईट, त्याने पट्टीच्या कडेची भोकं फाटतात. बहुतेक वेळा लूप, म्हणजे पट्टीचा सैल सोडलेला बाक, गेलेला असतो. स्प्रॉकेट पट्टी एकसारखी ओढतो पण गेटमधे ती बोलपटात सेकंदाला २४ वेळा थांबते, हा फरक गेटच्या वरचा आणि खालचा लूप सांभाळतो. लूप लहान झाला की पट्टीला झटके बसतात, फार मोठा झाला तर तो मशीनच्या अंगाला घासतो आणि नवीन रेघ तयार. बऱ्याच मशीनवर लूप किती ठेवायचा त्याची रेष काढलेली असते, तेवढाच ठेवा. १६ मिमीच्या ऑप्टिकल साउंडमधे आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे असतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळेनात तर आधी खालचा लूप तपासा. लूप बरोबर असून हलतंय तर फिल्म आकसली असेल, नव्या पट्टीशेजारी १०० फ्रेम लावून बघा, एक फ्रेम कमी भरली म्हणजे १ टक्का आकसली, ती प्रोजेक्टरवर चढवूच नका, थेट स्कॅनला द्या. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तीही तशीच, आणि बाकीच्या रिळांपासून लांब ठेवा.

ब्लेड नको, स्टीलचं काहीच नको. गेटच्या गुळगुळीत पट्ट्यांवर एक ओरखडा आला की तो पुढे प्रत्येक फिल्मवर उमटतो. आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या. इमल्शन म्हणजे जिलेटिन, ते पाण्याने मऊ होतं, किंचित ओल्या कापसाने भिजवा, काडीने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. हे दर रिळानंतर, कारण ४०० फुटाचं १६ मिमी रीळ ११ मिनिटं चालतं आणि एक कण तेवढ्यात सगळं रीळ खराब करू शकतो.

ऑटो थ्रेडिंग चांगलंच, पण टोक सरळ कापलेलं आणि पुढे लीडर (चित्र नसलेली जादा पट्टी) जोडलेला हवा, आणि मोटर लावायच्या आधी हाताचा नॉब फिरवून थोड्या फ्रेम पुढे नेऊन बघायच्या.

मेसेजमधे नसलेली एक गोष्ट, जी मी घरोघरी बघतो. रीळ सैल झालं की लोक टोक धरून ओढून घट्ट करतात. त्यात पट्टीचे थर एकमेकांवर घासतात आणि तुटक तुटक बारीक रेघा पडतात, दोष मात्र प्रोजेक्टरला. सैल रीळ हळूहळू रिवाइंड करा.

रेघ पडलेलीच असेल तर तिचा रंग बघा. काळी रेघ बहुतेक बेसच्या (इमल्शनखालच्या प्लास्टिकच्या) बाजूची असते, वेट गेट स्कॅनमधे द्रव त्या खाचेत भरतो आणि ती बरीचशी दिसेनाशी होते. रंगीत रिव्हर्सलवर निळी किंवा निळसर हिरवी रेघ म्हणजे इमल्शनचे थर खरवडले गेलेत, ते परत येत नाहीत.